माझा चाप हलका झालाय

मी मयुराची रायफल बोलतेय. दचकू नका, आत गोळी नाही. सध्या तरी नाही.

मी टू-टू बोअरची, नेमबाजीच्या स्पर्धांसाठी घडवलेली. जन्म जर्मनीतला. देशाची दारं परदेशी मालाला उघडली त्या वर्षांत, बऱ्याच खेट्यांनंतर मी दिल्लीत उतरले आणि तिथून गुडगावला, मोहरीच्या शेतात नुकत्याच उभ्या राहिलेल्या एका सोसायटीत आले. लिफ्ट बंद होती. मयुराचे बाबा, म्हणजे पद्माकरराव, मला खांद्यावर घेऊन सगळे मजले चढले, पण त्यांनी मला दुसऱ्या कोणाच्या हातात दिलं नाही.

बाबा सैन्यात शस्त्रागारात होते. जवानांच्या रायफली खोलायच्या, पुसायच्या, पुन्हा जोडायच्या, यातच त्यांची नोकरी गेली. निवृत्तीनंतर मात्र ते मानेसरच्या एका कारखान्याच्या फाटकावर उभे राहून साहेबांच्या गाड्यांना सलाम ठोकतात. घरी आले की चौकशी मयुराची करतात आणि बघतात माझ्याकडे. माझाही त्या हातांवर फार जीव.

संकट आलं ते खंडेनवमीला. मयुराची आई, प्रभाताई, पूजेत काही कमी पडू देत नाहीत. पाटावर विळी, हातोडी, स्कूटरची किल्ली आणि मधोमध मी. झेंडूची माळ घातली, ती मला आवडली. पण हळद-कुंकू आणि अक्षता त्यांनी अशा सढळ हाताने वाहिल्या, की ओलं कुंकू आणि तांदळाचे दाणे चापाच्या फटीतून थेट माझ्या पोटात गेले. रविवारी निवड चाचणी. मयुराने चाप ओढून पाहिला तर तो कचकच करत मध्येच अडकला. तिचं तोंड उतरलं.

"आण इकडे," बाबा म्हणाले.

दसऱ्याच्या सकाळी त्यांनी बाल्कनीत वर्तमानपत्र पसरलं, मला खोललं आणि एकेक भाग धुऊन काढला. इथवर सुख होतं. मग त्यांना वाटलं, उघडलंच आहे तर पोरीसाठी चाप लोण्यासारखा करून द्यावा. चापाला अडवून धरणारी बारीक पोलादी कड ते दगडावर घासू लागले. घासायचे, बोट फिरवून बघायचे, मान हलवायचे, पुन्हा घासायचे. साखरेच्या आजाराने त्यांच्या बोटांची टोकं बधिर झालीत, हे त्यांनी घरात कोणाला सांगितलेलं नाही. स्वतःलाही नसेल सांगितलं. खडबड केव्हाच गेली होती, आता माझी पकड झिजत होती. ओरडता येत असतं तर मी सोसायटी गोळा केली असती.

जोडून झाल्यावर त्यांनी रिकामाच चाप ओढून पाहिला. इतकं सफाईचं काम आपल्या हातून उभ्या नोकरीत झालं नाही, असं म्हणाले. मयुराने तपासूनसुद्धा पाहिलं नाही. बाबांनी केलं म्हटल्यावर काय तपासायचं? तेव्हापासून गाडी खड्ड्यात आदळली तरी माझ्या काळजाचं पाणी होतं.

रविवारी मैदानावर मयुराने गोळी भरली आणि मला खांद्याला लावायला उचललं. नेम अजून धरायचा होता. तिचं बोट नुसतं टेकलं आणि मी सुटले. गोळी समोरच्या वाळूत घुसली. शेजारच्या जागेवर तिचा क्लबातला मित्र सिद्धांत उभा होता, तो पांढराफटक पडला. पंचांनी मला रिकामं करून चाप तपासला.

"ट्रिगर किसने खोला?"

"मैंने, सर," मयुरा म्हणाली.

तिला चाचणीतून बाद केलं.

घरी बाबा दारातच उभे होते. कशी चालली, त्यांनी विचारलं. त्यांच्या तोंडाकडे पाहून मयुराचा धीर सुटला.

"चाप एकदम बढिया होता, बाबा. माझाच हात हलला."

बाबांनी तिची पाठ थोपटली. कितीतरी दिवसांनी त्यांची कळी खुलली. म्हणाले, सिद्धांतचीही रायफल घेऊन ये, त्यालाही असाच चाप करून देतो. आणि मयुरा चक्क हो म्हणाली.

आता मी कपाटात आहे आणि बाहेर बाबा दगड पुसून ठेवताहेत. मयुरा, त्यांचं मन तुला मोडवत नाही हे मला कळतं. पण जा आणि खरं सांग. त्यांना लागेल, जेवणार नाहीत, तुझ्याशी बोलणार नाहीत. चालेल. दर वेळी समोर वाळूच असेल असं नाही गं.