ठणठणीत अशील

वकिलांनी सांगितलं तसा बाबांनी उजवा हात उचलला. आधी खांद्यापर्यंत, मग डोक्याच्या वर, मग पार कानाला चिकटेल इतका सरळ. तो तसाच वर धरून त्यांनी वकिलांकडे पाहिलं, उत्तर येत असलेल्या शाळकरी मुलासारखं.

"दुखतंय?"

"छे! अजिबात नाही."

शेजारच्या खुर्चीत बसलेल्या लेकीने डोळे मिटून घेतले. येताना वाटेत तिने त्यांना दोनदा बजावलं होतं, दुखत असेल तर दुखतंय म्हणायचं, उगाच मोठेपणा करायचा नाही. आज सकाळीच मैद्याचं पोतं सरकवताना याच हाताने त्यांना घाम फोडला होता. तेव्हा बाबा भिंतीला टेकून उभे राहिले होते आणि ती बघते आहे असं दिसताच शीळ घालायला लागले होते. सगळं सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

"ताई, हे तर ठणठणीत आहेत," वकील हसून म्हणाले. "मी न्यायाधीशांपुढे काय उभं करू?"

"तुम्ही एक्स-रे बघा ना. हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. डोक्याला टाके पडले होते. गोदामाचं ते लोखंडी फाटक कधीपासून रुळावर डगमगत होतं, तिथल्या सगळ्या हमालांना ठाऊक होतं. हे मैदा आणायला गेले आणि ते यांच्या अंगावर आलं."

"मोडलं होतं, आता जुळलं. टाके सुकले. बेकरी चालू आहे?"

"आहे. पण भट्टीवर मी असते आता. हे नुसते बसून असतात."

"आणि पाव? पूर्वीसारखाच होतो?"

इथे तिने गप्प बसायला हवं होतं. पण गेले पाच महिने भट्टीपुढे उभं राहून तिचे हात कोपरापर्यंत भाजले होते आणि त्याबद्दल अजून कोणी एक चांगला शब्द बोललं नव्हतं.

"पूर्वीसारखाच," ती म्हणाली. "एक गिऱ्हाईक तुटलेलं नाही."

"मग नुकसान कुठंय?" वकिलांनी हात पसरले.

बाबांचा हात अजून वरच होता. "खाली घ्या तो," ती दातांवर दात दाबून म्हणाली.

रस्त्यावर आल्यावर ती त्यांच्या दोन पावलं पुढे चालत राहिली. रागावली की ती अशीच चालायची, लहानपणापासून. मागून बाबा आपल्याच नादात म्हणाले, "शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात."

"आपण अजून वकिलाचीच चढतोय, बाबा. कोर्टाची चढायला मिळाली तर देव पावला म्हणायचं."

सकाळपासूनचा हा दुसरा वकील. पहिल्याने दारातच सांगितलं होतं की तो फक्त घटस्फोट आणि जमिनी बघतो, आणि तुमच्याकडे यातलं काही आहे का, असंही विचारलं होतं. मोठ्या शहरात अपघाताचे नामांकित वकील होते, त्यांच्या जाहिराती बसच्या पाठीवरसुद्धा असत. पण तिथल्या तारखांना जायचं म्हणजे अख्खा दिवस गेला. दुपार टळायच्या आत पीठ मळलं नाही तर रात्री ते फुगत नाही, आणि ते फुगलं नाही तर पहाटे भट्टीत घालायचं काय? वकील हवा तर तो गावातलाच हवा होता. तिने फोनवर शोधून पाहिलं होतं. फोनने तिला आधी एका गॅरेजचा पत्ता दिला, जिथे अपघातग्रस्त गाड्यांचे पत्रे ठोकून मिळत, आणि मग एका वकिलाचा, जो वारला होता. दावा लावायची मुदत महिनाअखेरीला संपत होती.

पैसा नको होता असं नाही. औषधांच्या दुकानातली नोकरी सोडून ती भट्टीवर आली होती आणि घरात दुसरं कमावणारं कोणी नव्हतं. पण तिला खरं म्हणजे कोणीतरी 'चूक झाली' म्हणायला हवं होतं. कारण फाटक उचललं, बाबांना बाहेर काढलं, हाड जुळलं, तरी त्या फाटकाखालून तिचे बाबा पुरते बाहेर आलेच नव्हते. पूर्वी गिऱ्हाइकांच्या टोप्या उडवणारा हा माणूस आता मैद्याच्या पोत्यावर तासन्‌तास बसून राही. जेवायला बसला की दोन घास खाऊन ताट सरकवी. तिने एकदा चिडून विचारलं होतं, माझ्या हातचं एवढं वाईट लागतं का? त्यावर ते म्हणाले होते, "नाही गं, छान झालंय." सगळं छान होतं त्यांचं. हे छान कुठल्या एक्स-रेत दाखवणार?

तिसऱ्या वकिलाच्या पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: अपघात, दुखापत, नुकसानभरपाई. पाटी वाचूनच तिचा जीव भांड्यात पडला. वकीलही तसाच निघाला. त्याने दोघांना बसवलं, चहा सांगितला, एक्स-रे खिडकीशी धरून निरखला आणि टेबलावर मूठ आपटली.

"अशा मुजोर लोकांना सरळ केलंच पाहिजे! माणसाच्या जिवाची काही किंमत आहे की नाही?"

"तेच म्हणते मी," ती म्हणाली. आज पहिल्यांदा कोणी तिच्या मनातलं बोललं होतं.

"कुठलं गोदाम हे?"

तिने सांगितलं. वकिलाने पेनाला टोपण लावलं. मग एक्स-रे हलकेच पाकिटात घातला आणि पाकीट तिच्याकडे सरकवलं.

"त्यांचं सगळं काम माझ्याकडेच असतं हो," तो म्हणाला, आणि दार उघडायला स्वतः उठला.

ती दोघं जिना उतरत होती तेव्हा मागवलेला चहा त्यांच्या शेजारून वर गेला. बाबा वळून त्याच्याकडे पाहत राहिले.

"बघताय काय?" ती कडाडली. "तुम्हाला काहीच कसं वाटत नाही? सगळीकडे मी भांडायचं, मी रडायचं, आणि तुम्ही आपले 'छे, अजिबात नाही'! हात वर काय करता, हसता काय! कोणासाठी करतेय मी हे?"

 बाबांनी फक्त जिन्याचा कठडा धरला. जिन्याच्या पायथ्याशी टेबल टाकून बसलेल्या टायपिस्ट बाईंनी हे सगळं ऐकलं होतं. त्यांनी वर पाहून कानोसा घेतला आणि आवाज खाली आणून सांगितलं, "मागच्या गल्लीत जा. फर्निचरवाल्याच्या वर एक वकीलबाई आहेत. तोंडानं फटकळ आहेत, पण यांच्या कोणाच्या मिंध्या नाहीत."

फर्निचरवाल्याचं दुकान म्हणजे खरं तर कारखानाच होता. अर्धं सामान रस्त्यावर मांडलेलं, आणि दारातच एक कारागीर कपाटाच्या फळीवर पॉलिशचा बोळा फिरवत बसलेला. गल्लीच्या तोंडाशीच त्या उग्र दर्पाने लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने रुमाल तोंडावर धरला आणि जिना जवळजवळ पळतच चढली. बाबा मागून आरामात आले.

वकीलबाई पन्नाशीच्या होत्या. टेबलाखाली चपला काढून, एक पाय खुर्चीत दुमडून बसल्या होत्या आणि दाणे खात होत्या. लेकीने पुन्हा एकदा सगळी कहाणी सुरू केली: फाटक, रूळ, हमाल, हाड. बाईंनी ती अर्ध्यावर तोडली.

"फाटक कोणावर पडलं? तुमच्यावर?"

"नाही, यांच्यावर."

"मग तुम्ही बाहेर बसा."

"अहो, पण हे काही सांगत नाहीत! मीच सांगते सगळं. यांना विचारलं तर म्हणतील, काही झालं नाही."

"म्हणूनच म्हणते. अशील एकटा बसतो माझ्याकडे. नवरा असो, बायको असो, पोर असो. दार ओढून घ्या जाताना."

तिने बाबांकडे पाहिलं. ते म्हणतील, राहू द्या की तिला, अशी तिची खात्री होती. बाबा आपल्या गुडघ्यांकडे पाहत होते.

बाहेर जिन्यातच एक बाक होतं. ती त्यावर बसली, उठली, पुन्हा बसली. खालून पॉलिशचा वास वर चढत होता आणि तिचं कपाळ ठणकायला लागलं होतं. आत आता काय चाललं असेल हे तिला इथे बसून दिसत होतं. हात वर गेला असेल. अजिबात नाही, म्हणून झालं असेल. दोन मिनिटांत दार उघडेल आणि ही बाईसुद्धा म्हणेल, ठणठणीत आहेत की! मग पाचवा वकील शोधायचा. गावात पाचवा होता की नाही कोणास ठाऊक. तिला एकाएकी या सगळ्याचाच वीट आला. मरू दे तो दावा, मरू दे ते गोदाम. ज्याचं दुखतंय त्यालाच त्याचं काही नाही, तर मी का वणवण करू?

पण दार काही उघडेना. तिने कान दिला, तर पंख्याच्या घरघरीतून बाबांचा आवाज आला. शब्द कळत नव्हते. आवाज मात्र थांबत नव्हता. इतकं सलग बाबा बोललेले तिने कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं, आणि बोलत होते कोणाशी, तर अर्ध्या तासापूर्वी ओळख झालेल्या बाईशी. तिला बरं वाटायला हवं होतं. तिला रडू आलं.

शेवटी वकीलबाईंनीच दार उघडलं.

"दावा घेतेय मी," त्या म्हणाल्या. "मोठ्या दवाखान्यात एक तपासणी करून घ्यायची. चिठ्ठी यांच्याकडे दिलीय. बाकी हे सांगतील तुम्हाला."

"घेताय? पण... खांद्याचं—"

"हे सांगतील," बाई पुन्हा म्हणाल्या आणि दाण्यांकडे वळल्या.

जिना उतरून खाली आल्यावर बाबा नेमके त्या कारागिरापुढेच थांबले. तो बोळा पॉलिशमध्ये बुडवत होता, फळीवरून लांब हात फिरवत होता. बाबा वाकून पाहायला लागले.

"चला ना बाबा. इथं काय उभे राहिलात? डोकं फुटायची वेळ आलीय या वासानं."

"फार येतोय का?"

"काय?"

"वास."

तिने रुमाल तोंडावरून खाली घेतला. बाबा कारागिराच्या हाताकडेच पाहत होते.

"त्या बाईंनी विचारलं, खालच्या पॉलिशचा त्रास होतोय का, खिडकी लावू का? येणारा प्रत्येक जण कुरकुरतो म्हणे. मी आपलं नेहमीसारखं म्हटलं, छे, अजिबात नाही. तर हातातले दाणे खाली ठेवले त्यांनी. धरलंच मला."

"तुम्हाला हा वास येत नाही?"

"हाच नाही, कुठलाच नाही. डोक्याला लागलं तेव्हापासून. आधी वाटलं, येईल परत. सर्दीत नाही का जातो तसा." ते थांबले. "जेवणाचंही तसंच. तू मनाला लावून घ्यायचीस, पण मला सगळं सारखंच लागतं. ओला पुठ्ठा खाल्ल्यासारखं."

"आणि मला सांगितलं नाहीत? पाच महिने!" तिचा आवाज चढला, तसा कारागिराचा हात थांबला. "मी मूर्खासारखी खांदा खांदा करत गावभर फिरतेय, आणि तुम्ही... का नाही सांगितलंत?"

"काय सांगू? तू नोकरी सोडून आलीस माझ्याकडून काम शिकायला. ज्या पाववाल्याला भाजल्याचा वास येत नाही, तो तुला काय शिकवणार होता?"

 तिचा राग अजून होता, पण तो कोणावर काढावा हे तिला कळेना. गोदामवाल्यावर, बाबांवर, की चव लागत नसलेल्या माणसाला रोज 'मीठ बरोबर आहे का' म्हणून विचारणाऱ्या स्वतःवर? कारागीर पुन्हा कामाला लागला. दोघं गल्लीच्या तोंडापर्यंत चालत आली. या वेळी ती पुढे गेली नाही.

"बाई म्हणाल्या, एक साक्षीदार लागेल," बाबा म्हणाले.

"फाटक पडलं तेव्हा होते की हमाल. पण मालकाविरुद्ध कोण बोलणार?"

"फाटकाचा नाही, याचा." त्यांनी नाकाला बोट लावलं. "दवाखान्याची तपासणी होईल ती होईल. पण त्या म्हणाल्या, घरातलं माणूस उभं करू आणि त्याला एवढंच विचारू, की तुमच्या बेकरीत पाव भट्टीतून कधी काढायचा, हे कोण ठरवतं?"

"तुम्हीच की," असं म्हणायला तिने तोंड उघडलं.

रोज पहाटे बाबा भट्टीकडे पाठ करून पोत्यावर बसलेले असत आणि विचारत, "सांग, झाला का?" ती हवेत एकदा श्वास घेई. कधी म्हणे, अजून थोडा. कधी म्हणे, झाला. आणि बाबा म्हणत, "मग काढ." रोज, प्रत्येक खेपेला. आपण चुकलो की ते आपल्याला पकडणार, या धास्तीने ती जीव एकवटून वास घेत असे. कधी चुकली नाही म्हणून बाबा कधी बोलले नाहीत, असं ती समजत होती. या वयात कसली रोज रोजची परीक्षा घेतात, म्हणून मनातल्या मनात चडफडतही होती.

बाबा तिच्या उत्तराची वाट पाहत उभे होते. आज दिवसभरात पहिल्यांदाच ते हसत नव्हते.

"मी," ती म्हणाली. ते इतकं हळू होतं की तिचं तिलाच जेमतेम ऐकू आलं.

"कोर्टात जरा मोठ्यानं सांग," बाबा म्हणाले.