धुरावर धरलेला ग्लास

व्याही पहिल्यांदाच घरी येणार, म्हणून निवृत्त मुद्रितशोधकाने कॉकटेलच्या पुस्तकातलं एकच पान आठवडाभर पुन्हा पुन्हा वाचलं होतं. ओल्ड फॅशन्ड. साखरेच्या खड्यावर कडू अर्काचे थेंब, मग व्हिस्की, बर्फाचा मोठा तुकडा आणि वर संत्र्याच्या सालीचा पीळ.

सुचवलं होतं लेकीनेच. "बाबा, तुम्हाला काही गप्पा मारता येत नाहीत. निदान माझ्या सासऱ्यांचा ग्लास तरी नीट भरा."

पानाच्या तळाशी एक ओळ होती: खास पाहुण्यासाठी लाकडाचा तुकडा पेटवून त्याच्या धुरावर ग्लास पालथा धरावा. त्याला ते फारच शोभिवंत वाटलं. पुस्तकांचं नवं कपाट करून गेलेल्या सुताराने बाल्कनीतल्या खोक्यात तुकडे ठेवलेच होते.

व्याही म्हणजे ट्रकवाले. अंगाने आडवे, आवाज खणखणीत, हृदयाच्या नळीत दोन वर्षांपूर्वी बसवलेली स्प्रिंग. पहिला ग्लास नाकाशी धरून ते ओरडले, "अहो विहीणबाई, या माणसाने आयुष्य फुकट घालवलं! चुका काढत बसण्यापेक्षा बार काढायचा होता!"

तो लाजला. व्याह्यांनी दोन घोटांत ग्लास रिकामा केला. "आणखी एक करा. धूर जरा जास्त!"

स्वयंपाकघरात आणून ठेवलेल्या खोक्यातला दुसरा तुकडा त्याने पेटवला. या खेपेला ग्लास बराच वेळ धुरावर ठेवला, पेय ओतलं आणि बाहेर देऊन आला. परतला तेव्हा बायको खोक्यापाशी उभी होती.

"अहो, हे कशाला आत आणलंत?"

"धुरासाठी. नव्या कपाटाचे तुकडे."

"नव्याचे कुठले? ते मी शेजारी दिले. हे जुन्या कपाटाचे. वाळवी लागली तेव्हा औषध नाही का पाजलं याला? टाकून द्यायचेत हे."

तो सिंकपाशी वाकला. सिंकखाली औषधाचा डबा अजून होता. सवयीने त्याने बारीक अक्षरं आधी वाचली. औषध लावलेलं लाकूड जाळू नये. धूर विषारी.

कदाचित औषध केव्हाच उडून गेलं असेल. कदाचित उगाच घाबरतोय; नेहमीच घाबरतो. आणि सांगितलं तर? लेकीला सासरी काय ऐकावं लागेल? व्याह्यांना विष पाजलं! बाहेरून खोकल्याचा आवाज आला. मग पुन्हा.

तो डबा हातात घेऊनच बाहेर गेला. व्याह्यांनी शर्टाचं वरचं बटण सोडलं होतं आणि ते छाती चोळत होते.

"जरा जड वाटतंय. तुमचा माल कडक आहे हं."

"पिऊ नका," तो म्हणाला. त्याने ग्लास त्यांच्या हातातून अक्षरशः ओढून घेतला. "त्या लाकडाला वाळवीचं औषध होतं. मला माहीत नव्हतं. मी विचारलं नाही."

"म्हणजे मला वाळवी समजलात की काय?" व्याही हसले. हसता हसता त्यांना ढास लागली आणि चेहरा राखेसारखा झाला.

गाडी बायकोने चालवली. मागे तो त्यांचा हात धरून बसला होता. तो हात घामाने ओला होता, की स्वतःचा, ते त्याला कळत नव्हतं.

तातडीच्या विभागातल्या डॉक्टरीणबाईंनी डबा घेतला, लेबल वाचलं आणि पडदा ओढला. बऱ्याच वेळाने बाहेर येऊन म्हणाल्या, "हृदयाचा आलेख ठीक नाही. धुरामुळे की आधीचंच, ते आत्ता सांगता येणार नाही. आणलंत ते बरं केलंत."

खिशातला फोन वाजला. लेक होती. "काय बाबा, झाली का मैफल? उगाच घाबरत होतात ना?"

"तू आणि जावईबापू दवाखान्यात या," तो म्हणाला. "सासऱ्यांना इथे आणलंय. माझ्या हातून झालंय, बाळा."

बायको बाकावर त्याच्याजवळ सरकली.

तेवढ्यात पडद्यामागून आवाज आला. खणखणीतपणा त्यातून पार गेला होता. "व्याही? आहात ना तिथे?"

"आहे."

"जाऊ नका. मला भीती वाटतेय हो."

त्याने फोन बायकोच्या हातात दिला आणि पडदा बाजूला करून आत गेला.