खडकोबाच्या रंगाचे टी-शर्ट

स्नेहल मगदूमनं खोकं फोडून पहिला टी-शर्ट बाहेर काढला, तशी विहिरीच्या कठड्यावर बसलेली सगळी पोरं एकदम गप्प झाली. शिवाजी पेठेतली पोरं अशी गप्प होणं हे काही चांगलं लक्षण नव्हे. पण स्नेहल पडली शिरोळची. तिला वाटलं, पोरं हरखली.

"घ्या की," ती म्हणाली. "एकेक जण पुढं या."

कुणी जागचं हललं नाही. शेवटी ऋतुजा पुढं आली. ही बारा वर्षांची पोरगी. माळजाई तालमीच्या बारक्या पोरांची कॅप्टन तिला कुणी केली नव्हती, ती आपली आपण झाली होती. तिनं टी-शर्ट दोन बोटांत धरला, उलटसुलट बघितला आणि परत खोक्यात टाकला.

"ताई, ह्यो खडकोबाचा रंग हाय."

"अगं, कंपनीचा रंग आहे हा. आमच्या कारखान्याच्या गेटलासुद्धा हाच आहे."

"निळं अंग, पिवळ्या बाह्या. खडकोबाच की! मेलो तरी घालणार न्हाय."

मागून सगळी पोरं ओरडली, "न्हाय घालणार!" आणि कठड्यावर तशीच बसून राहिली.

आता ज्याला कोल्हापूरचा फुटबॉल ठाऊक नाही, त्याला यात एवढं काय आहे ते कळायचं नाही. इथं प्रत्येक तालमीचा संघ असतो, संघाचा रंग असतो, आणि सीझन सुरू झाला की सख्खे साडू एकमेकांशी बोलायचे बंद होतात. माळजाईचा रंग लाल-काळा. पलीकडच्या पेठेतली खडकोबा तालीम निळी-पिवळी. आणि कालच्याच मॅचमध्ये खडकोबानं माळजाईला शेवटच्या मिनिटाच्या पेनल्टीवर हरवलं होतं. पेठेत रात्री धड कुणी जेवलं नव्हतं. अशा सकाळी ही बाई खडकोबाच्या रंगाचे कपडे खोकंभर घेऊन आली होती!

स्नेहलनं कपाळाला हात लावला. ती एमआयडीसीतल्या एका कास्टिंगच्या कारखान्यात नोकरीला होती. कारखान्याचं समाजकार्याचं खातं म्हणजे ती एकटीच. दरवर्षी कारखान्याची माणसं कुठंतरी झाडं लावायची, फोटो काढायची, वडापाव खाऊन परत यायची. झाडं जगली का मेली, बघायला कुणी फिरकायचं नाही. यंदा स्नेहलनं हट्टानं माळजाई तालमीची विहीर घेतली. पेठेतली पोरं पिढ्यान्‌पिढ्या या विहिरीत पोहायला शिकली. पुढं लोकांनी तिच्यात निर्माल्य टाकलं, बाटल्या टाकल्या, आणि विहिरीची कचराकुंडी झाली. आता तर बुजवून टाका, तेवढंच गाड्या लावायला होईल, असंही काहीजण बोलायला लागले होते.

आज पुण्याच्या हेड ऑफिसमधून संयोगिता मॅडम येणार होत्या. त्यांच्या मनात भरलं तर पाणी स्वच्छ करायचं मशीन, कठड्याला जाळी आणि वर्षानुवर्षांची देखभाल, सगळं कंपनी करणार. नाही भरलं तर तो निधी पुण्याच्या कारखान्याकडं जाणार, आणि मग विहीर बुजलीच म्हणून समजा.

हे सगळ्यांना ठाऊक होतं. एक गोष्ट मात्र स्नेहलनं कुणालाच सांगितली नव्हती. महापुराच्या साली शिरोळचं तिचं घर पाण्यात गेलं, तेव्हा आईवडील, राजमतीआजी आणि ती अशी चौघं याच तालमीच्या हॉलमध्ये राहिली होती. आजी कट्टर जैन. कांदा-लसूण नाही, जमिनीखालचं काही नाही, दिवस मावळल्यावर अन्न नाही, गाळल्याशिवाय पाणी नाही. तिथं दीडशे माणसांचा स्वयंपाक एकाच कढईत. आजी म्हणाली, मी नुसती बसते. तेव्हा तालमीच्या वस्तादांच्या बायकोनं, शालूकाकीनं, नवं पातेलं काढलं आणि रोज दिवस मावळायच्या आत आजीपुरती मुगाची आमटी वेगळी केली. स्नेहल तेव्हा कॉलेजला होती, बारकी, काटकुळी. आता चष्मा लागला होता, अंगानं भरली होती. काकीनं ओळख दाखवली नाही आणि तिनंही ओळख दिली नाही. उपकार फेडायला आली, असं कुणाला वाटायला नको होतं.

"वस्ताद, तुम्ही तरी सांगा पोरांना," ती गणपतरावांकडं वळली.

गणपतराव वस्ताद तालमीच्या पायरीवर मांडी ठोकून बसले होते. "काय सांगू? पोरं बरोबर हायेत."

"अहो, मॅडम अर्ध्या तासात येतील!"

"येऊ द्यात की. चहा पाजू. पर ह्यो रंग माळजाईच्या पोराच्या अंगावर चढणार न्हाय."

आणि बाजूला आदर्श दात काढत उभा. हा कारखान्यातला इंजिनियर, राहणार खडकोबाच्या पेठेत. त्यानं टी-शर्ट कधीच अंगात घातला होता आणि बाह्या पुन्हापुन्हा नीट करत होता. "मॅडम, नाद खुळा रंग निवडलाय बघा," तो स्नेहलला म्हणाला.

दोन दिवस पंप लावून विहीर उपसली होती. कारखान्याची माणसं गमबूट घालून तळाच्या गाळात उतरली होती. पाट्या भरून तयार होत्या. त्या पायऱ्यांवरून हातोहात वर द्यायला माणसंच नव्हती. आणि का, तर बाह्या पिवळ्या! स्नेहलचं डोकंच फिरलं.

"आदर्श," ती मोठ्यानं म्हणाली, "तुमच्या तालमीची पोरं बोलवा."

"आँ?"

"टी-शर्ट हायेत, घालणारं कोण न्हाय. बोलवा त्यांना. ती घालतील न्हवं?" रागाच्या भरात तिची शिरोळची बोली बाहेर पडली होती.

वस्ताद ताडकन उठले. "खडकोबाची पोरं माझ्या हिरीत?"

"मग गाळ कोण काढणार? तुमची पोरं तर रुसलेल्या जावयासारखी बसल्यात! उद्या हिर बुजली की तिच्यावर गाड्या लावा आणि लाल-काळा रंग द्या त्यास्नी!"

वस्तादांना असं तोंडावर बोलायला पेठेत कुणी धजत नसे. त्यांनी पाठ फिरवली. आदर्शनं तेवढ्यात फोन लावलासुद्धा.

दहा मिनिटांत खडकोबाची पोरं आली. सायकलवर डबलसीट, ट्रिपलसीट, शिट्ट्या मारत. कालची मॅच जिंकलेली, त्यात माळजाईच्या दारात जाऊन निळा-पिवळा घालायला मिळणार म्हटल्यावर कोण घरी बसतंय? टी-शर्ट चढवून ती धडाधडा पायऱ्या उतरली, ओळीनं उभी राहिली आणि पहिली पाटी वर आली. ती आणणारं पोरगं कठड्याकडं बघून म्हणालं, "बसा तुमी निवांत. तुमची घाण आमी काढतो."

झालं! ऋतुजा तीरासारखी उठली.

"आमच्या हिरीतला गाळ ह्यांनी काढायचा? चला रं!"

विहिरीला समोरासमोर दोन जिने. एका जिन्यावर खडकोबा उभी होती. दुसऱ्यावर माळजाईची पोरं धावली, कुणी लाल-काळ्या जर्सीत, कुणी नुसत्या बनियनवर. मग जे सुरू झालं त्याला काम म्हणायचं का मॅच, देव जाणे. पाट्या खालून वर आणि वरून खाली नुसत्या पळत होत्या. तळातली माणसं ओरडत होती, "अरे, दमानं! भरू तरी द्या!" कठड्यावर बघ्यांची गर्दी झाली. गणपतराव आधी पाठ फिरवून उभे होते. मग मान वळली, मग अंग वळलं, आणि शेवटी ते खडकोबाच्या जिन्याकडं बघून ओरडले, "ए पिवळ्या बाह्या, गुडघ्यात वाक! हातानं उचलशील तर संध्याकाळी रडशील!"

संयोगिता मॅडम आल्या तेव्हा त्यांच्याकडं कुणी ढुंकूनही बघितलं नाही. गुच्छ घेऊन थांबायचं पोरगंच पाटी उचलत होतं. मॅडम कठड्याशी उभ्या राहून बराच वेळ बघत होत्या.

"आपले टी-शर्ट निम्म्याच मुलांना पुरले का?" त्यांनी विचारलं.

थाप मारायची तर वेळ चांगली होती. पण स्नेहलला थाप धड मारता येत नसे. तिनं घडलं ते सगळं सांगून टाकलं. रंगाची चूक, पोरांचा रुसवा, आपण वस्तादांना बोललो तेसुद्धा. मॅडमनी ऐकून घेतलं, फोटोवाल्याला बोलावलं, आणि लाल-काळी नि निळी-पिवळी अशी सगळी चिखलमाखली पोरं एकत्र उभी करून फोटो काढायला लावला. गाडीत बसताना त्या एवढंच म्हणाल्या, "पुढच्या वर्षी टी-शर्ट पांढरे मागवा."

पुढच्या वर्षी! स्नेहलला ते कळायला जरा वेळ लागला. विहीर वाचली हे कळलं, तेव्हा गाडी कोपऱ्यावर वळली होती.

दुपारी तळाचा खडक दिसला आणि एका कडेनं झरा फुटला. पोरं नाचायला लागली. खडकोबाचं ते पहिली पाटी आणणारं पोरगं वस्तादांपुढं येऊन उभं राहिलं. "वस्ताद, पाणी भरल्यावर आमीबी पोहायला येणार."

सगळी पेठ वस्तादांच्या तोंडाकडं बघत राहिली. त्यांनी मिशी चोळली. "गाळ काढलाय न्हवं? मग इचारतोस कशाला? पर येताना ह्यो रंग घरात ठेवून यायचा."

मांडवात मसालेभाताची पंगत बसली. स्नेहल वाढायला वाकणार, तोच शालूकाकीनं तिचा हात धरून तिला तालमीच्या आत नेलं. आत पाटावर ताट मांडून ठेवलं होतं. भाकरी, मुगाची आमटी, दोडक्याची भाजी.

"भातात बटाटा हाय," काकी म्हणाली. "तुला चालायचा न्हाय."

स्नेहलला घास उचलवेना. "काकी, तुम्ही मला ओळखलंत?"

"पहिल्याच दिवशी."

"मग बोलला का नाही?"

"तू बोलत न्हवतीस, मी कशाला बोलू? आन्‌ वस्तादास्नी सांगितलं असतं, तर उपकार फेडाया आली म्हणून त्यांनी हिरीला हात लावू दिला नसता." काकीनं तांब्यावर पांढरं सुती फडकं धरलं आणि त्यातून पाणी गाळलं. "राजमतीआजीचं फडकं हे. पूर ओसरल्यावर जाताना घाईत इथंच राहिलं बघ. बऱ्या हायेत का त्या?"

स्नेहलनं होकाराची मान हलवली. डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं, ते तिनं येऊ दिलं.

"मग हिर भरली की आण त्यास्नी," काकी म्हणाली. "आन्‌ आता जेव. आमटी निवली."