एका प्लॉटाचा फरक

चाळीस वर्षं मी नगररचनेच्या ऑफिसात नकाशे काढले. शहर वाढत गेलं, शेतं जाऊन वसाहती आल्या, आणि जो तो बिल्डर एकच मागायचा: आत शिरायला एक फाटक आणि पुढे रस्ता बंद. परक्या गाड्या नकोत म्हणे. आम्ही आपले माना डोलवायचो. साहेब एवढंच बजावायचे की प्रत्येक वसाहतीतला एक तरी रस्ता हद्दीपर्यंत न्या, पुढे शेजारचा त्याला येऊन मिळेल.

आमच्या वसाहतीचा नकाशा मीच काढला. दोन वर्षांनी पाठीमागच्या वसाहतीचाही. पहिला नकाशा कपाटातून काढून शेजारी ठेवायचा असतो. मी कंटाळा केला, अंदाजाने रेघ ओढली. दोन्ही रस्ते हद्दीपर्यंत आले, पण समोरासमोर नाहीत, एका प्लॉटाच्या अंतराने. हे कळलं तोवर तिथे घरं आणि भिंत उभी राहिली होती. मी तोंडाला कुलूप लावलं.

पंचाईत अशी की भावोजी गेल्यावर ताईने त्या मागच्या वसाहतीत घर घेतलं होतं, तेही माझ्याच भरवशावर. रस्ता जुळला की दोन मिनिटांवर आहोत, असं मी छातीठोकपणे सांगितलं होतं. आज माझ्या गच्चीवरून तिच्या दोरीवरच्या चादरी दिसतात, पण जायचं म्हणजे फाटकातून बाहेर, हमरस्त्याने पुलाखालून वळसा आणि तिच्या फाटकावर वहीत नाव लिहून आत. चार किलोमीटर.

अकरा वर्षं अशीच गेली. परवा भाचीचा फोन आला. ताई घर विकून कायमची तिच्याकडे, दुसऱ्या शहरात चालली होती. माझं धाबं दणाणलं. भावंडांत आम्ही दोघंच उरलोय. मी बसून अर्ज लिहिला: चूक माझी, भिंतीतून निदान पायी जाण्यापुरती वाट द्यावी. तो घेऊन तिच्याकडे गेलो.

ती कपाट रिकामं करत होती. मी सगळं सांगून टाकलं, रेघेपासून भिंतीपर्यंत. जाऊ नकोस म्हणालो, आणि अर्ज पुढे केला. तिने तो वाचला, घडी घालून मला परत दिला. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

"त्या भिंतीपायी चाललेय असं वाटलं तुला?" ती म्हणाली. "नऊ वर्षं दर रविवारी तोच वळसा घालून मी आलेच ना तुझ्याकडे? मग गुडघ्यांनी दगा दिला. दोन वर्षं झाली. तू किती वेळा आलास रे?"

मला आठवून बघावं लागलं, यातच उत्तर आलं. दोनदा. एकदा तिचा नळ गळत होता म्हणून, आणि आज.

ती पुन्हा चादरींच्या घड्या घालायला लागली. माझी स्कूटर खाली उभी होती. यायला मला बारा मिनिटं लागली होती.