शनिवारची शिवण

“चंद्रावर वारा नाही म्हणतात, आणि झेंडा बघा कसा फडफडतोय,” रॉइस ताटलीकडे बघत पुटपुटला. आईला ऐकू जावं इतकं मोठ्यानं, पण उत्तर द्यावं लागू नये इतकं हळू. त्रेपन्नाव्या वर्षापर्यंत त्यानं ही कला चांगली कमावली होती.

आर्डिथनं तव्यावरचा स्क्रॅपलचा, म्हणजे डुकराच्या मांसाच्या वडीचा, काप दोन्ही बाजूंनी कडक करून त्याच्या ताटलीत सरकवला. ताटली कुठे आहे ते तिला अंदाजानंच कळायचं. दोन वर्षांपासून तिच्या दोन्ही डोळ्यांच्या मधोमध एक करडा डाग येऊन बसला होता. कडेकडेचं दिसायचं, समोरचं नाही. ज्या बाईनं आयुष्यभर केसाएवढे टाके मोजले तिच्याच वाट्याला हे यावं, याचं तिला कधीकधी हसू यायचं.

चंद्रावर माणूस उतरल्याला त्या जुलैत चाळीस वर्षं होत होती. गावातल्या जुन्या रेल्वे स्टेशनात आता एक छोटं संग्रहालय होतं. ते चालवणाऱ्या मुलीनं फोन करून सांगितलं होतं, की चंद्रावरचे सूट शिवणाऱ्या बायकांपैकी ज्या अजून आहेत त्यांनी यावं. एका खोक्यात जुने तुकडे सापडलेत, प्रत्येकाला त्याचं कार्ड जोडलेलं आहे, आणि एका कार्डावर आर्डिथ ट्रुइट हे नाव आहे. आर्डिथ बरं म्हणाली. मग फोन ठेवून बराच वेळ भिंतीला टेकून उभी राहिली.

न्यायला रॉइसच हवा होता. गाडी चालवायला आणि वाचून दाखवायला.

रॉइस कोंबड्यांच्या खाद्याचा ट्रक चालवायचा. स्वभावानं सरळ, कामाला वाघ. पण कधीतरी टीव्हीवर कुणाचं तरी बोलणं त्यानं ऐकलं आणि तेव्हापासून त्याच्या डोक्यात पक्कं बसलं, की चंद्रावर कुणी गेलं नाही, सगळं एका शेडमध्ये उभं केलेलं होतं. खाद्याच्या गिरणीत, न्हाव्याकडे, चर्चच्या जेवणात, जिथे चार माणसं भेटतील तिथे तो हे सांगायचा. कुणी म्हटलं, अरे, तुझ्या आईनं ते सूट शिवलेत, तर म्हणायचा, शिवलेत की, नाटकवाल्यांचे कपडेही कुणीतरी शिवतंच.

आर्डिथच्या जोडीला तपासनीस असलेली ओलिटा याच्यावर भयंकर चिडायची. एकदा तिनं त्याला भर पंगतीत विचारलं होतं, “वेंडेल तुझा बाप, हे तू कशावरून मानतोस रे? आईनंच सांगितलं ना? मग?” सगळे हसले. रॉइसही हसला. आर्डिथ तेवढी डम्पलिंगची वाटी ढवळत राहिली.

ती त्याच्याशी कधी भांडली नाही. वाद घालायला तिच्याजवळ काही नव्हतं असं नाही. एकोणसत्तरच्या जुलैत टीव्हीवर ती पांढरी आकृती शिडी उतरली तेव्हा सगळे पावलाकडे बघत होते आणि आर्डिथ गुडघ्याकडे. गुडघा वाकला आणि त्याच्या मागे तीन चुण्या पडल्या, अगदी तिथेच, जिथे पडाव्यात म्हणून त्या बायकांनी सात वेळा उसवून शिवलं होतं. तिला दुसरा पुरावा नको होता. पण रॉइस हा विषय काढायचा तेव्हा त्याच्या आवाजात काहीतरी असायचं, आणि ते चंद्राबद्दल नाही हे तिला कळायचं. ते नोलाबद्दल, त्याच्या धाकट्या बहिणीबद्दल होतं. नोलाबद्दल त्या घरात कुणी बोलत नसे.

कारखाना मुळात बायकांच्या आतल्या कपड्यांचा, पोट आवळायच्या पट्ट्यांचा आणि ब्रेसियरचा. तिथल्याच मशीनवरून निवडून बायकांना चंद्राच्या कामावर घेतलं होतं. एकावर एक एकवीस थर, आणि एका थरातलं एक भोक माणसाचा जीव घेऊ शकेल, हे त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तिथे एक नियम होता. मुख्य जोडाची शिवण एकदा सुरू केली की शेवटपर्यंत थांबायचं नाही. मधे थांबून पुन्हा सुरू केलं तर तेवढ्या जागी जोड कच्चा राहतो, तो तुकडा बाद. म्हणून बायका आधी जाऊन यायच्या, पाणी पिऊन घ्यायच्या, शिंक आली तर दाबून धरायच्या. आणि घरी पोरांना ताकीद होती, घराला आग लागली तरच कारखान्यात फोन करायचा.

रॉइस बारा वर्षांचा होता, सांगितलेलं ऐकणारा.

अडुसष्टच्या नोव्हेंबरातला शनिवार. कारखान्यात जादा काम होतं. वेंडेल हंसांच्या शिकारीला दलदलीकडे गेला होता. सहा वर्षांच्या नोलाची छाती सकाळपासून वाजत होती. रॉइसनं तिला पाण्याची वाफ दिली, पाठ चोळली, गोष्ट सांगितली. आईला फोन करू का नको, करू का नको, असं करत त्यानं सकाळ काढली. नोलाचे ओठ निळे व्हायला लागले तेव्हा त्यानं शेजारणीला हाक मारली आणि फोन फिरवला. शेजारणीनं नोलाला गाडीत घालून इस्पितळात नेलं.

आर्डिथ तिथे पोचली तेव्हा एक वाजायला पाच मिनिटं होती. नोला पाऊण तासापूर्वी आईला विचारत होती. पंधरा मिनिटांपूर्वी गेली.

मागून वेंडेल आला, चिखलाच्या बुटांनी. त्यानं विचारलं, इतका वेळ कुठे होतीस? आणि आर्डिथ म्हणाली, निरोप उशिरा मिळाला.

वेंडेलनं मान वळवून रॉइसकडे बघितलं. मेला तोपर्यंत कधीच काही बोलला नाही. पण ते बघणं आर्डिथनं पाहिलं होतं, आणि रॉइसनंही.

निरोप उशिरा मिळाला नव्हता. अग्निशमन दलाचा बाराचा भोंगा वाजत होता तेव्हाच मुकादमीण तिच्या कानाशी येऊन म्हणाली होती, घरून फोन आहे, धाकटीला बरं नाही, इस्पितळात नेतायत. शिवण नुकतीच सुरू झाली होती. आर्डिथच्या मनात आलं, नोलाची छाती काय, दर हिवाळ्यात वाजते. एवढी शिवण होऊ दे. पायाखालचं पायडल तिनं सोडलं नाही. अर्ध्या तासानं दोरा कापला आणि मग उठली.

हे एकट्या ओलिटाला माहीत होतं, कारण ती समोरच्या टेबलावर होती. तिनं कधी शब्द काढला नाही. आणि आर्डिथ दर वर्षी ठरवायची, की रॉइसला सांगून टाकायचं. आधी तो लहान होता. मग त्याचं लग्न होतं. मग वेंडेल आजारी होता. आणि मग चाळीस वर्षं होऊन गेली होती.

संग्रहालयात गर्दी नव्हती. ओलिटा आधीच येऊन खुर्चीत बसली होती, जांभळी टोपी घालून.

“आलास का? आज तरी मान्य कर,” ती रॉइसला म्हणाली.

“टोपी छान आहे, मिस ओलिटा. हीपण चंद्रावर जाऊन आली का?”

ती हसली, पण आर्डिथचा चेहरा बघून लगेच थांबली.

मुलीनं पातळ हातमोजे घालून खोक्यातला तुकडा काढला आणि टेबलावर पसरला. आर्डिथनं विचारलं, हात लावू का? मुलगी घुटमळली, मग हो म्हणाली. आर्डिथनं शिवणीवर बोट ठेवलं आणि टोकापासून टोकापर्यंत हळूहळू नेलं. डोळ्यांची गरज नव्हती. शेवटाकडे एका जागी बोट अडलं. एक टाका किंचित बाहेर गेला होता.

“माझीच आहे,” ती म्हणाली.

मुलीनं सांगितलं, की वर गेलेले सूट इथे नसतात, ते मोठ्या संग्रहालयात. इथे आहेत ते तपासणीत बाद झालेले तुकडे. हासुद्धा. एक टाका रेषेबाहेर होता म्हणून.

नोलाच्या दफनानंतर आर्डिथ दोन आठवडे घरी होती आणि परत गेल्यावर त्या शनिवारच्या तुकड्याचं काय झालं हे तिनं विचारलं नव्हतं. माणसं चंद्रावर चालली, याबद्दल तिला तेव्हा शंका नव्हती आणि आताही नव्हती. ही शिवणसुद्धा त्यांच्याबरोबर चालली असेल, असं मात्र तिनं न विचारता धरून ठेवलं होतं. नाहीतर त्या अर्ध्या तासाला ती ठेवणार कुठे?

रॉइसला आता टोमणा मारायची आयती संधी होती. ती त्यानं सोडली. त्यानं कार्ड उचललं आणि खिशातून चष्मा काढला.

“रॉइस, पोरा, ते राहू दे,” ओलिटा म्हणाली. “आपण कॉफी घेऊ.”

“वाचायलाच तर आणलंय मला,” रॉइस म्हणाला, आणि वाचू लागला. नाव, आर्डिथ ट्रुइट. मशीन क्रमांक चौदा. तारीख. ती त्या नोव्हेंबरातल्या शनिवारची होती. शिवण सुरू, अकरा पंचावन्न. शिवण पूर्ण, बारा तीस. त्याच्याखाली तपासनिसाचा शेरा.

इथे तो थांबला.

कामात कुणी व्यत्यय आणला तर वेळेसकट नोंद करायची, हाही तिथला नियमच होता. ओलिटा नियम मोडणारी नव्हती; बाराच्या निरोपाची नोंद तिनं केलीच असणार.

“पुढे?” आर्डिथनं विचारलं.

“पुसट झालंय,” रॉइस म्हणाला. “लागत नाही.”

ओलिटाची शाई कधी पुसट होत नसे. ती काळ्या शाईनं, ठसठशीत, शाळेच्या फळ्यावर लिहावं तसं लिहायची. आर्डिथला समोरचं दिसत नव्हतं, पण कडेचं दिसत होतं, आणि कडेला रॉइसचा हात होता. त्या हाताचा अंगठा कार्डाच्या खालच्या भागावर घट्ट दाबलेला होता. तो आईसाठी खोटं बोलत होता. ज्याला टीव्हीवर बघितलेलं खरं वाटत नव्हतं, तो हातात धरलेलं खरं लिखाण पुसट म्हणत होता, आणि तिनं होकार दिला असता तर ते कार्ड खोक्यात परत गेलं असतं.

ओलिटानं टोपी काढून मांडीवर ठेवली. मुलगी काहीतरी आणायच्या निमित्तानं आत निघून गेली.

आर्डिथनं चाचपून त्याचं मनगट धरलं.

“भोंगा वाजत होता तेव्हाच मला निरोप मिळाला, रॉइस,” ती म्हणाली. “तू वेळेवर फोन केला होतास. मी उठले नाही.”