ड्रायव्हर वाढवला

आमच्या ह्यांचा एक ड्रायव्हर आहे असं सांगितलं की बोरीवलीतले लोक आधी गच्चीतून खाली गाडी शोधतात. गाडी नाही. ह्यांनी, म्हणजे श्यामसुंदर यांनी, ऐन उमेदीत अंधेरीच्या एका कंपनीत मोडेम जोडायच्या कार्डासाठी एक प्रोग्राम लिहिला होता. संगणकाला ते कार्ड वापरायला शिकवणारा, म्हणून ड्रायव्हर. लिनक्सचा कर्नल नावाचा जो मूळ प्रोग्राम जगभर चालतो, त्यात तो घेतला गेला, ह्यांच्या नावासकट. पुढे कंपनी बुडाली, कार्डं भंगारात गेली, नाव तेवढं राहिलं. त्या नावावर हा माणूस निवृत्तीनंतरही ताठ चालतो.

आणि तो ड्रायव्हर काढायचं काम आलं नेमकं पुतणीवर. गंधाली कर्नलचंच काम करते. जे जुने ड्रायव्हर कोणी वापरत नाही, ज्यांची देखभाल कोणी करत नाही, ते तिचा गट काढून टाकतो. त्याआधी लिहिणाऱ्याला विचारायची पद्धत आहे. काकांना कसं सांगू म्हणून ती माझ्यापाशी रडकुंडीला आली.

मी म्हटलं, "अगं, काढला असं तोंडावर म्हणू नये. बांगडी फुटली तरी आपण वाढली म्हणतो, दुकान बंद केलं तरी वाढवलं म्हणतो. तसं सांग ना."

स्वतःच्या शहाणपणावर मी फार खूश होते.

पोरीने तसंच सांगितलं. "काका, तुमचा ड्रायव्हर आम्ही वाढवतोय. चालेल ना?"

जन्म संगणकात घालवलेल्या माणसाला ह्यातून काय कळणार? "चालेल काय, धावेल," असं म्हणून हे खाली उतरले ते पेढे घेऊनच वर आले. शेजारच्या निमेशभाईंना पेढा, वॉचमनला पेढा. पगार कितीने वाढवला, असं निमेशभाईंनी विचारलं, तर ह्यांनी त्यांना जिन्यातच कर्नल समजावला. मग ड्रायव्हरमध्ये नवीन काय काय घालायचं, ते गंधालीला सांगत बसले. आम्ही दोघी एकमेकींची तोंडं बघत होतो. वाट लागली होती, आणि ती मीच लावली होती.

पुढे तिने पाठवलेला बदल ह्यांच्या मेलवर आला. काढलेल्या प्रत्येक ओळीपुढे त्यात वजाचं चिन्ह असतं म्हणे. हे खाली खाली सरकत गेले. सगळीकडे वजा. ह्यांच्या नावापुढेही वजा. तेव्हा मी वाढवण्याचा खरा अर्थ सांगून टाकला. हे परत वर सरकून स्वतःच्या नावाची ओळ बघत बसले. मला फार वाईट वाटलं. चिडले असते तर बरं झालं असतं.

संध्याकाळी गंधाली आली. ह्यांनी एवढंच विचारलं, "आता खरंच कोणी वापरत नाही?"

"नाही, काका. सगळीकडे विचारलं."

ह्यांनी चष्मा पुसला आणि हरकत नसल्याचं उत्तर तिच्यासमोरच पाठवून दिलं. ती मुसमुसायला लागली, तसं ह्यांनी विचारलं की आता पुढे काढायचा ड्रायव्हर कोणाचा. जर्मनीतले कोणी आजोबा आहेत, ती म्हणाली.

"त्यांना फोन मी करतो."

"काका, त्यांना मराठी येत नाही."

"मग बरंच आहे," हे म्हणाले. "त्यांना सरळ सांगता येईल."