आज इथंच थांबू

मनोविश्लेषक एचेगाराय डॉक्टर बोलायला उभे राहिले तेव्हा वाचनालयात खुर्च्या कमी पडल्या होत्या. थोड्याच वेळात त्या उरायला लागल्या.

कार्यक्रम नेलिदाच्या पुस्तकाचा होता. मनाच्या तळघरात काय चालतं ते ब्युनोस आयर्सच्या चारचौघांना कळावं, म्हणून तिनं एकेक वाक्य शेजारच्या देल्फिनाला वाचून दाखवत लिहिलं होतं. देल्फिनानं नवरा गेल्यावरही त्याच्या सपाता पलंगाखालून हलवल्या नव्हत्या. अशाच सपातांचं उदाहरण असलेलं शोकाचं प्रकरण ऐकून तिनं विचारलं होतं, "म्हणजे मला वेड लागलेलं नाही ना, नेली?" नेलिदाच्या मते पुस्तक तेवढ्यासाठीच होतं.

डॉक्टरांना दोन शब्द बोलायला बोलावलं होतं, तर ते फळ्यावर बाण काढत अभावाच्या रचनेत शिरले. मग हसून म्हणाले, "नेलिदानं समुद्र वाटीत भरून आणलाय. चव घ्यायला ठीक. पोहायचं तर आमच्याकडेच यावं लागेल." पुढच्या रांगेतले शिष्य खिदळले. मागं देल्फिनानं पुस्तक पिशवीतून काढून खुर्चीवर ठेवलं आणि ती कोट चढवू लागली.

नेलिदाच्या डोक्यात तिडीक गेली. कैक वर्षं ती या माणसाच्या कोचावर आडवी पडून बोलली होती. आईच्या शेवटच्या दिवसाचं सांगताना रडू फुटलं, की मागून शांत आवाज यायचा, 'आज इथंच थांबू.' सत्र ऐन वाक्यात तोडायचं, ही त्यांच्या पंथाची विद्या. तुटलेलं वाक्य माणसानं घरी नेऊन उगाळत बसायचं. ती बसमध्ये उगाळत रडायची.

ती उठली. डॉक्टर 'म्हणूनच अभाव हा' इथवर आले होते.

"आज इथंच थांबू, डॉक्टर."

खोलीत उरलेले बहुतेकजण कधी ना कधी डॉक्टरांच्या कोचावर हेच वाक्य ऐकून आले होते. आधी एकजण खुसखुसला, मग सगळी खोली.

"माझं वाक्य अर्धवट आहे, नेलिदा," डॉक्टर म्हणाले. खडू हवेतच होता.

"घरी घेऊन जा. पुढच्या वेळी बोलू."

ती मात्र हसली नाही. खुर्चीवरचं पुस्तक उचलून तिनं दारात देल्फिनाला गाठलं.

"मला यातलं काही कळत नाही गं," देल्फिना खाली बघत म्हणाली.

"तुला कळू नये म्हणूनच ते तसं बोलतात. ये, बस इथं."

नेलिदानं शोकाचं तेच प्रकरण उघडलं. ती सपातांपासून वाचू लागली. देल्फिनानं कोटाचं एक बटण सोडलं.